पिवळ्या रेषेच्या अलीकडे

कागद तयार होता, फक्त सही हवी होती. "टॉवरची सूचना मिळूनही विद्यार्थिनीने वेळेत ब्रेक लावला नाही," असं त्यावर छापलं होतं. मुख्य प्रशिक्षक बाईंनी पेन उघडून समोर ठेवलं. टिटवीने त्या पेनाला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही, मॅडम."

टिटवी हे नाव कॅप्टननी ठेवलेलं. विमानाच्या रेडिओवर तिचा आवाज चिरका यायचा, म्हणून. कॅप्टन पंचवीस वर्षं मुलांना विमान उडवायला शिकवत होते, आणि शिकवणं म्हणजे त्यांच्या मते अखंड बोलणं. चाकं फिरायला लागली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो इंजिन बंद होईपर्यंत. मुलं मूग गिळून ऐकायची. टिटवीही त्यांतलीच.

सोमवारी ते दोघं छोटं विमान घेऊन धावपट्टीकडे निघाले होते. वाटेत कॅप्टन तिच्या आदल्या दिवशीच्या लँडिंगचा उद्धार करत होते. तेवढ्यात हेडफोनमध्ये विमानतळाचा टॉवर म्हणाला, "पिवळ्या रेषेच्या अलीकडे थांबा." टॉवरचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, हा इथला नियम. कॅप्टननी बोलता बोलता रेडिओचं बटण दाबलं, "अलीकडे थांबतो" असं म्हटलं, बटण सोडलं आणि लँडिंगचा विषय पुन्हा हातात घेतला. वर म्हणाले, "अगं, बघत काय बसलीस? चल, पुढे घे!"

तिने पुढे घेतलं.

धावपट्टीच्या तोंडाशी आखलेली ती रेष चाकांखाली गेली आणि समोरून उतरायला आलेलं मोठं विमान नाक वर करून गर्जत पुन्हा आकाशात गेलं. टिटवीने तेव्हा कुठे ब्रेक दाबला. कॅप्टन त्या दिवशी पहिल्यांदा गप्प झाले.

टॉवरकडच्या टेपवर कॅप्टनचा आवाज स्वच्छ होता: अलीकडे थांबतो. "चल, पुढे घे" मात्र दोघांच्या हेडफोनमधलं, ते कुठल्याच टेपवर नाही. आणि कॅप्टन शपथेवर सांगत होते की आपण तसं म्हटलंच नाही. ते खोटं बोलत नव्हते, हीच खरी पंचाईत होती. टॉवरला उत्तर त्यांच्या तोंडाने दिलं होतं, कानांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि "चल" तर ते दिवसातून शंभरदा म्हणायचे. त्यांतलं कुठलं आठवणार?

"सही कर आणि मोकळी हो," बाई म्हणाल्या. "साधी ताकीद मिळेल. गुरुवारी एकटीने उडायचंय ना तुला? चौकशी लांबली तर ते गेलंच म्हणून समज."

गुरुवारसाठी तिने दीड वर्ष जीव काढला होता. शेजारची खुर्ची रिकामी आणि विमान तिच्या एकटीच्या हातात. तरी ती कागद तसाच घडी करून घरी घेऊन गेली.

तिचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सगळं खापर माझ्याच डोक्यावर, बाबा! त्यांनीच चल म्हटलं!"

"ते कळलं. टॉवरचं 'थांबा' तुला ऐकू आलं होतं का?"

टिटवीने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आलं होतं," ती म्हणाली. "पण सरच चल म्हणाले ना."

"आमच्याकडे 'उचल' म्हणणारा माणूस एकच असतो. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी बोटही हलवत नाही. पण 'थांब' कुणीही म्हणावं. झाडूवाल्याने हात वर केला तरी मी थांबतो, मग खाली साहेब का नाचेना. तू का नाही थांबलीस?"

तिला बापाचा भयंकर राग आला, कारण बापाचं म्हणणं खरं होतं. रागारागातच तिने नवा कागद घेतला.

सकाळी बाईंनी तो मोठ्याने वाचला. कॅप्टन खिडकीशी उभे होते. कागदात लिहिलं होतं: कॅप्टन बोलत होते, त्यांनी न ऐकताच टॉवरला उत्तर दिलं आणि मला 'चल' म्हटलं. खाली आणखी एक ओळ होती: "मला 'थांबा' ऐकू आलं होतं, तरी मी थांबले नाही. ही चूक माझी."

"पुरावा काय तुझ्याकडे?" कॅप्टन कडाडले.

"काही नाही, सर. पण स्वतःची चूक कुणी खोटी लिहितं का? तीसुद्धा गुरुवार घालवून?"

बाईंनी कागद ठेवून घेतला. गुरुवार गेला. चौकशीत तिचं म्हणणं कुणी खोडलं नाही, कुणी मान्यही केलं नाही. महिन्याभराने तिला पुन्हा उडायची परवानगी मिळाली, तेव्हा बाईंनी दुसरा प्रशिक्षक देऊ केला.

"नको. मला हेच सर हवेत," टिटवी म्हणाली. पळून जायला ती काही चोर नव्हती.

पहिल्याच दिवशी चाकं फिरली आणि पट्टा सुरू झाला. आजचा विषय तिच्या पायांचा: पेडलवर पाय आहेत की उखळात मुसळ? पिवळी रेष जवळ आली. हेडफोनमध्ये टॉवर बोलू लागला. कॅप्टन बोलतच होते, आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा बटणाकडे निघाला.

टिटवीने त्यांच्या तोंडासमोर हात आडवा धरला आणि करकचून ब्रेक दाबला.

"थांबा, सर!"

पंचवीस वर्षांत कॅप्टनसमोर असा हात कुणी केला नव्हता. टिटवीने आपल्या बाजूचं बटण दाबून चिरक्या आवाजात टॉवरचं वाक्य शब्द न् शब्द परत म्हटलं.

"या विमानात कॅप्टन कोण आहे?" त्यांनी दरडावून विचारलं.

"तुम्हीच, सर. पण 'थांब' कुणीही म्हणू शकतं."

रेषेच्या पलीकडे एक विमान उतरलं आणि धडधडत पुढे निघून गेलं. कॅप्टननी बटणाकडे गेलेला अंगठा मागे घेऊन हात मांडीवर ठेवला.

"टॉवर काय म्हणाला होता आत्ता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

टिटवीने ब्रेकवरचे पाय हलवले नाहीत.

"अलीकडे थांबा म्हणाला, सर."