चार अटी आणि एक लाल फुली

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. जुना खुशाल म्हणा. पण भंगार म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे!

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत बनले आणि नांदेडच्या एका दुकानात जुळवले गेले. तिथून मी लातूरला शिवप्पा सरांच्या क्लासमध्ये आलो. भूकंपानंतर सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये चौदा मुलांना घेऊन हा क्लास काढला होता. मी आलो तेव्हा मुलं बाराशे झाली होती. मला हार घातला, नारळ फोडला. आठ वर्षं मी दर रविवारच्या चाचणीचे गुण सांभाळले, एकदाही सुट्टी मागितली नाही. पुढे मात्र माझ्यावर धूळ साचली आणि डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले.

मग गुणांचं विश्लेषण करणारं नवं सॉफ्टवेअर आलं. कोणतं मूल कुठे मागे पडतंय, ते त्यातून दिसणार होतं. क्लासचे संगणक सांभाळणाऱ्या पुनम मॅडमनी त्याचा हट्टच धरला होता. पण हे महाशय बसण्याआधी चार गोष्टी तपासतात: चौसष्ट बिटची ऑपरेटिंग सिस्टीम, चार कोअरचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि डिस्कवर पन्नास जीबी मोकळी जागा. पडद्यावर तीन हिरव्या खुणा आल्या आणि एक लाल फुली. खाली लिहिलं होतं, ‘हे मशीन अटी पूर्ण करत नाही.’

दुरुस्तीवाला मलप्पा फुली बघूनच उठला. “सर, लई जुनं हाय हे. ह्याला न्हाई झेपायचं. भंगारात देऊन टाका.”

“हाव, द्या,” सर म्हणाले.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! अरे, फुली कशासमोर आहे ते तरी वाचा! रॅम पुरेशी, प्रोसेसर भक्कम. कमी होती फक्त जागा. आणि ती कुणी खाल्ली? चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सनी! आठ वर्षांतल्या गुणवंतांचे भिंतीएवढे फोटो तुम्हीच माझ्या पोटात कोंबले होते.

पुनम मॅडमनी मात्र फुली नीट वाचली. “सर, मशीन ठीक हाय. फ्लेक्सचे फोटो बाहेरच्या डिस्कवर टाकते.”

“पुनम, ते फोटो म्हणजे क्लासची इज्जत हाय.”

“पुसत न्हाई सर, हलवून राहिले. शेडमध्ये तुम्हाला चौदाच्या चौदा पोरं ठाऊक होती. आता फ्लेक्सवरची वीसच ठाऊक हायत. बाकीच्यांचं काय?”

सरांनी मलप्पाला हातानंच थांबवलं. मग म्हणाले, “हलवा.”

चौथी खूण हिरवी झाली. नारळ फुटला त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. पहिल्याच अहवालात सगळ्यात वर नाव आलं देवणीच्या वैष्णवीचं. भौतिकशास्त्रात तिचे गुण सलग सहा रविवार घसरत होते आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पुनम मॅडम तिच्या खोलीवर गेल्या, तर पोरगी गावी परतायला बॅग भरून बसलेली.

“मला न्हाई झेपायचं, मॅडम,” ती म्हणाली.

मॅडमनी तिची बॅग उचलली आणि तिला घेऊन सरळ क्लासवर आल्या. त्या दिवसापासून सर स्वतः तिला शिकवतात, पार पहिल्या धड्यापासून.

मित्रांनो, मी अजून चालू आहे आणि चालणार आहे. माझी धूळ पुसा, डोक्यावरचे कप उचला. आणि ‘ह्याला न्हाई झेपायचं’ असं कुणालाही म्हणण्याआधी, फुली नेमकी कशासमोर आहे ते वाचा.