इंजिनाचं तोंड पूर्वेला

“हिम्मत, पट्टा चढवायच्या आधी चाक एकदा हातानं फिरवून बघ. देवाला हात जोडायचे ते नंतर.”

दत्तोबाचा आवाज. माणूस जाऊन अख्खा उन्हाळा लोटला, श्रावण लागला, तरी आवाज मात्र हिम्मतरावांच्या कानाशी तसाच होता, विडी ओठात धरून बोलल्यासारखा. आत्ता तो आला तेव्हा सुशीलाबाई नव्या डिझेल इंजिनाला हळदीकुंकू लावत होत्या आणि त्यांचा मुलगा विक्रम हँडल हातात घेऊन उभा होता. पट्टा कधीच चढलेला होता. हिम्मतराव पुढे झाले, त्यांनी चाकाकडे हात नेला. पण सुशीलाबाईंनी मान वर केली तशी तोच हात दुसऱ्याला जोडला.

“नारळ फोडा आता,” सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. “आज एक तरी लाकूड कापून झालं पाहिजे. उद्या पंचमी. उद्या काही कापायचं नाही, चिरायचं नाही.”

नागपंचमीला त्यांच्या घरात विळी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. तवा चढायचा नाही, भाजीसुद्धा चिरायची नाही, उकडीचं काय ते खायचं. विक्रम लहान असताना त्या दिवशी पेन्सिलीला टोक करायचीही त्याला बंदी होती. आरा तर त्या दिवशी कधीच चालला नव्हता. दत्तोबा हसायचा, “वहिनींनी नागोबाच्या नावानं आपल्याला रजा दिली रे,” म्हणायचा आणि दिवसभर झोपायचा.

आरा म्हणजे चाकांवरचा एक गाडा. त्यावर पट्टीसारखं लांब दातेरी पातं दोन चाकांवरून गरगर फिरायचं, आणि पट्टा जोडून ते फिरवायला आजवर एक पेट्रोलचं इंजिन होतं. ज्याच्या आवारात झाड पडलं त्याच्या दारात गाडा न्यायचा आणि तिथंच फळ्या पाडून द्यायच्या. काचीगुड्याच्या या गल्लीतून हिम्मतराव आणि दत्तोबा, दोघं मिळून तो ढकलत न्यायचे. पण गेल्या एक-दोन वर्षांत सगळंच हललं होतं. पेट्रोल परवडेना. लोक दारंसुद्धा प्लायवूडची, कारखान्यातून आलेली बसवू लागले. ज्या आवारांत झाडं होती तिथं अपार्टमेंट उठू लागली. मग विक्रमनं उप्पलच्या एका कंत्राटदाराचं काम धरलं, स्लॅबखालच्या फळ्या पाडून द्यायचं. त्याची अट एकच, मशीन दिवसभर चाललं पाहिजे. म्हणून डिझेल. जुनं इंजिन दुकानदारानं बदल्यात घेतलं आणि सकाळीच रिक्षात घालून नेलं. नेताना हिम्मतरावांनी त्याच्यावर पोतं पांघरलं. पाऊस नव्हता.

तरी नव्या इंजिनावरचं पहिलं काम कंत्राटदाराचं नव्हतं. ते बरकतपुऱ्यात होतं. तिथल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात मागच्या दोन खोल्यांत दत्तोबा राहायचा, आणि त्यानं लावलेला कडुलिंब त्याच आवारात वाढला होता. मालकानं जागा बिल्डरला दिली. लिंब पडला. आता खोड आडवं पडून होतं आणि परवा सकाळी बिल्डरची माणसं येऊन ते उचलून नेणार होती. “तोवर तुम्हाला हवं ते घ्या,” एवढं मालक म्हणाला होता.

हवं होतं ते एवढंच: दत्तोबाच्या सुजाताच्या लग्नाचे दोन पाट. पोरगी रांगत होती तेव्हापासून तो म्हणायचा, माझा जावई या लिंबाच्या पाटावर बसेल. दवाखान्यात शेवटी त्याला बोलवेना, तेव्हा हिम्मतरावांनीच त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, “पाट मी पाडून देतो. तू त्याची काळजी करू नको.” मार्गशीर्षात लग्न होतं.

आज इंजिन बसवायचं, एक लाकूड कापून बघायचं, दुपारी ट्रॅक्टरला जोडून गाडा बरकतपुऱ्याला न्यायचा. असं ठरलं होतं.

वेल्डर यादगिरी सकाळी आला तेव्हा गाडा गल्लीत उभा होता. गल्ली एवढी अरुंद की तो वळवायची सोय नव्हती. विक्रमच्या मदतीनं यादगिरीनं इंजिन उचलून गाड्यावर ठेवलं आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली, तेवढ्यात सुशीलाबाई तुळशीला पाणी घालून बाहेर आल्या.

“अहो, याचं तोंड पश्चिमेला होतंय.”

“क्या चाची,” यादगिरीनं काच वर केली, “अब इंजन को भी वास्तु?”

“वास्तू नाही रे बाबा. घरात नवीन माणूस येतं, तर पहिल्या दिवशी त्याचं तोंड कुठं असावं, एवढंच.”

“मेरे कू क्या. इधर बिठाव बोले तो इधर, उधर बिठाव बोले तो उधर.” त्यानं हिम्मतरावांकडे बघितलं. “बोलो पटेल.”

हिम्मतरावांचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे होतं. रिक्षा नुकतीच तिथून वळली होती. त्यांनी मान हलवली. दोघांनी मिळून इंजिन फिरवलं, तोंड पूर्वेला केलं, आणि यादगिरीनं खालचे पाय पक्के जोडून टाकले.

आता नारळ फुटला. विक्रमनं हँडल मारलं. एकदा, पुन्हा एकदा, आणि इंजिन धग् धग् करत सुरू झालं. गल्लीतली भांडी वाजू लागली. समोरच्या गॅलरीत कुणी तरी टीव्हीचा आवाज वाढवला. गाडा जागच्या जागी थरथरत होता आणि विक्रम मोठ्यानं हसत होता.

“बघा अण्णा! आता येऊ दे उप्पलवाल्याला!”

त्यानं बाभळीचा ओंडका पात्याखाली सरकवला. पातं लाकडाला लागलं, पण आत जाईना. नुसती किंचाळी उठली. भुशाऐवजी धूर यायला लागला, जळकट, डोळ्यांना झोंबणारा.

“पकडत नाही अण्णा!”

“मग ढकलतोस कशाला? थांब! बंद कर!”

डिझेलच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं छातीचा जोर लावला. पातं निळं पडलं आणि खाट्‌दिशी तुटून गाड्यावर आपटलं.

इंजिन बंद झाल्यावर गल्ली फार शांत वाटली. यादगिरी उकिडवा बसून तुटलेलं पातं बघत होता. मग त्यानं पट्ट्याकडे बघितलं.

“उल्टा घूमा ना. दाँतां इधर, चलना उधर. पीठ से काटे तो लकडी कटती क्या?”

इंजिन फिरवून बसवलं, तसं त्याचं चाकही उलट बाजूनं पट्टा ओढू लागलं होतं. चाक एकदा हातानं फिरवलं असतं तर पोराटोरालाही दिसलं असतं. सगळ्यांनी इंजिनाच्या कुंकू लावलेल्या तोंडाकडे बघितलं. सुशीलाबाईंच्या हातात नारळाची वाटी होती. ती घेऊन त्या तशाच आत गेल्या.

“आता?” हिम्मतरावांनी विचारलं.

“आता काय. पाय कापायचे, इंजिन फिरवायचं, परत जोडायचं. पातं सिकंदराबादशिवाय मिळायचं नाही, आणि ते दुकान आज बंद. मी उद्या पहाटेच निघतो. येताना उप्पलला जाऊन त्या माणसाचे पाय धरतो, दोन दिवस थांब म्हणतो.” विक्रमनं कपाळाचा घाम मनगटानं पुसला. “परवा दुपारी सुरू होतंय बघा.”

“परवा सकाळी लिंब जातोय.”

“अण्णा, पाट म्हणजे काय हो? सुलतान बाजारात ढीग पडलेत. काय कू एवढं परेशान होता? जयवंता काकी काय म्हणणारेत तुम्हाला?”

“काही म्हणणार नाही ती. तेच तर.”

हिम्मतराव बसले, उठले. चहा आला तो अर्धा पिऊन कप गाड्यावर ठेवला, मग तिथून उचलून ओट्यावर ठेवला. जेवायला बसले आणि वरणात भात कालवून तसेच उठले. संध्याकाळी चपला घालून ते बरकतपुऱ्याला गेले.

दत्तोबाची बायको जयवंता मागच्या ओट्यावर बसून सामान बांधत होती. आवारात लिंबाचं खोड आडवं पडलं होतं, माणसाच्या मांडीपेक्षा उंच. साल वाळून उकलली होती.

“या भावजी. मशीन कुठंय?”

हिम्मतरावांनी सांगितलं. पूर्वेचं तेवढं सांगितलं नाही. इंजिन उलटं बसलं, एवढंच म्हणाले.

जयवंतानं गाठ आवळली. “हे असते तर आधी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या आणि मग हसले असते.”

“हौ. दोन दिवस हसला असता.”

“राहू द्या भावजी. पाट काय, बाजारात मिळतात. सनमायका लावलेले, पुसले की चकचकीत. सुजाताच्या सासरचे लोक तसलेच बघतील. लिंबाचा पाट बघून म्हणतील, घरात जळण होतं ते आणलंय.” ती हसली, पण खोडाकडे बघायचं तिनं टाळलं. “तुम्ही आलात, पुष्कळ झालं.”

हिम्मतराव खोडाभोवती फिरले. एका टोकाला हात ठेवून उभे राहिले. एवढं ओझं कुणाला उचलून नेता येणार नव्हतं. पण मशीन नसलं तरी दीड हाताचा एक तुकडा तोडून बाजूला काढला, तर पाट नंतर केव्हाही पाडता आले असते. आरा घ्यायच्या आधी ते आणि दत्तोबा दोघांनी ओढायची करवतच चालवत होते. ती घरी होती.

“उद्या येतो,” ते म्हणाले. “तुकडा तोडून तुमच्या ओट्याशी लोटून ठेवतो.”

“उद्या पंचमी आहे,” जयवंता म्हणाली. “सुशीलावहिनी तुम्हाला सुरी धरू देतील का? उगाच घरात वाद नको. तुमच्या मित्राला कळेल सगळं.”

परत येताना ते यादगिरीच्या शेडवर थांबले. “उद्या सकाळी करवतीचं एक टोक धरशील का? एकच काप आहे.”

यादगिरीनं जीभ चावली. “कल? कल नक्को पटेल. बच्चों को लेके नाग के पुट्टे पे दूध डालने जाना. कल लोहा पकडा तो मेरी माँ घर में नै लेती.”

करवत हिम्मतरावांनी मोरीमागच्या माळ्यावरून काढली. पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. पात्याला गंज चढला होता. ते अंगणात बसून रॉकेलच्या चिंधीनं पुसत राहिले. तेच ते पुसत होते. दात कानशीनं घासायचे होते. एकदा घासले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

सुशीलाबाई दिवा लावून बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

“पूर्वेचं मी म्हटलं,” त्या म्हणाल्या.

“मान मी हलवली.”

“जयवंताला सांगितलंत?”

“ते कशाला सांगायचं?”

सुशीलाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. एरवी त्या कधी असा चाळा करायच्या नाहीत. “उद्या कापायचं म्हणता.”

“तुला विचारणारच होतो.”

“विचारलं असतं आणि मी नाही म्हटलं असतं, तर?”

हिम्मतरावांनी कानस खाली ठेवली. पुन्हा उचलली. “तर काय. इथंच बसून राहिलो असतो. पण झोप लागली नसती.”

“टोक कोण धरणार?”

“मिळेल कुणी तरी. नाहीतर एकटाच बघतो.”

“एकट्यानं ती करवत वाकते. तुम्हीच सांगायचात मला.” त्या उठल्या. “मुठीला तेल लावा. हाताला लागेल.”

पहाटे विक्रम पहिल्या बसनं सिकंदराबादला गेला. त्याच्या मागोमाग सुशीलाबाईंनी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, गंधानं नागोबा काढला. लाह्या, दूध, दूर्वा. आरती त्यांनी नेहमीसारखीच हलक्या आवाजात म्हटली, एकही कडवं न गाळता. हिम्मतराव दाराशी उभे होते. दोनदा चपला घालून त्यांनी दोनदा काढल्या.

पूजा उरकून सुशीलाबाईंनी दुधाची वाटी उचलली आणि पिशवीत नीट उभी ठेवली. वर लाह्यांची पुडी. पदर कमरेला घट्ट खोचला. करवत अंगणात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. हिम्मतरावांनी तिचं एक टोक धरलं. दुसरं टोक सुशीलाबाईंनी उचललं.

हिम्मतराव थबकले. “अगं, तू? आज?”

“आधी त्याच्यासाठी दूध ठेवते तिथं. खोडाखाली कुणी असेल तर सरकेल बाजूला. मग कापू.”

“पण व्रत तुझं...”

“त्याच्याशी माझं मी बघून घेते. तुम्ही पुढं चला. ऊन चढेल.”

दोघं गल्लीत उतरली. गाड्यावर डिझेल इंजिन पूर्वेकडे तोंड करून बसलं होतं. कालचं कुंकू वाळलं होतं. त्याच्याजवळून जाताना सुशीलाबाईंनी पाय आवरून घेतला, त्याला लागू नये म्हणून.

चौकात शेजारणी दुधाचे गडवे घेऊन वारुळाकडे निघालेल्या होत्या. एवढी लांब वस्तू बघून त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कुणी तरी विचारलं, “काय हो वहिनी, कुठं?” सुशीलाबाई नुसत्या हसल्या. हिम्मतराव पुढे, त्या मागे. मधली करवत पावलागणिक थोडी वाकायची आणि सरळ व्हायची. बरकतपुऱ्याच्या वळणावर हिम्मतरावांनी चाल कमी केली, आणि मागचं पाऊल जुळल्यावर पुन्हा चालू लागले.