कोऱ्या कागदावर उठलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा झाला, आता गोड गोड आठवणी सांगेल. गोड आठवणी आहेत, नाही असं नाही. पण राग जास्त आहे.

माझा जन्म आखातात, दम्मामच्या बाजारातल्या एका बोळकांडीएवढ्या दुकानात झाला. खाली गोल रबर, वर शिसवी मूठ. माझ्या वरच्या अर्ध्या भागात अरबी अक्षरं, खालच्या अर्ध्यात इंग्रजी, मध्ये नोंदणीचा क्रमांक. मला घ्यायला आले होते रत्नागिरीकडचे हाशमभाई. तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह पुरवायचा त्यांचा धंदा. इतकी वर्षं कफिलाच्या, म्हणजे इथल्या स्थानिक जामीनदाराच्या नावावर काम केलेलं, आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची कंपनी. दुकानदाराने मला कागदावर उठवून दाखवलं, तेव्हा हाशमभाईंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. लोक बाळाचा फोटो ठेवतात तसा.

या देशात शिक्क्याला फार मान आहे, मित्रांनो. सही कितीही झोकदार असो, शेजारी मी नसलो तर कुणी विचारत नाही. बँकेत मी, बंदरात मी, कामगारांच्या इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कागदांवर मी. राबिघच्या तेल कारखान्यात पहिला ट्रक आत गेला तो माझ्या जोरावर. हाशमभाई लोकांना छाती पुढे काढून सांगत, "माझ्या शिक्क्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही."

हे खोटं होतं. चांगल्या माणसाचं, अभिमानाचं खोटं. तरी खोटंच.

मी राहायचो कुठे, सांगू? ऑफिसच्या कपाटाचा हाशमभाईंना भरवसा नव्हता, म्हणून मी राहायचो त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्याशेजारी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. हाशमभाई राबिघला कामावर गेले की तिथे महिना महिना अडकत. मग सरकारी कचेऱ्यांत धावपळ करणारा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, तो दारात उभा राही आणि हाशमभाईंचा फोन येई, "ताजू, लेटरहेडवर दोन शिक्के मारून दे त्याला. मजकूर तो घालेल." सुट्टीवर गावी जातानाही तेच. कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा, प्रत्येकावर खाली मी. का, तर मागे काम अडू नये. आखातात निम्मे धंदे असेच चालतात आणि सगळे म्हणतात, आमच्याकडे नाही बुवा.

ते शिक्के मारायच्या ताजुन्निसाभाभी, हाशमभाईंच्या बायको. भाभी डावखुऱ्या. लहानपणी त्यासाठी मार खाल्लेला, म्हणून चारचौघांत उजवा हात वापरायच्या. घरात मात्र डावा. फोडणी अर्धवट सोडून, बोटं पदराला पुसल्यासारखी करून त्या मला उचलत. माझ्या मुठीवर डाव्या बाजूला हळदीचा डाग पडला तो असा. मला तो आवडायचा. ऑफिसातल्या शिक्क्यांना शाईशिवाय कसला वास असतो?

आता रागाचं सांगतो.

भाभींचा धाकटा भाऊ अदनान. बहिणीने वाढवलेला, भाऊजींनी व्हिसा काढून आणलेला. त्याने स्वतःची वेगळी कंपनी काढली. एकदा हाशमभाई राबिघला असताना तो आला, ओट्याला टेकून उभा राहिला, गरम घावन तव्यावरूनच उचलून खाल्लं आणि म्हणाला, "आपा, भाऊजींनी सांगितलंय, एक कोरा शिक्का दे. बंदरावर माल अडलाय." भाभींनी मला उचललं. भावाला कोण विचारतं कशाला पाहिजे म्हणून?

त्या कागदावर अदनानने हमीपत्र टाईप केलं. मी इंग्लंडच्या एका कारखान्याकडून उधारीवर माल घेतोय, मी बुडालो तर हाशमभाईंची कंपनी भरेल, असा मजकूर. वर हाशमभाईंची सही काढली, अगदी हुबेहूब. माल उचलला, विकला, पैसे घेऊन दुबईला गेला. इंग्लंडचा कारखाना हाशमभाईंच्या दारात आला.

नुसते पैसे मागितले असते तर वेगळी गोष्ट. त्यांनी लिहिलं, मेहुणा आणि भाऊजी दोघे सामील आहेत, हाशम हा फसवणूक करणारा माणूस आहे. मित्रांनो, फसवणूक दोन तऱ्हेची असते. एकीत पोलीस येतात, दुसरीत वकील येतात. ही दुसरी. हिच्यात बेड्या पडत नाहीत, पण एकदा तो शब्द निकालपत्रात नावापुढे चिकटला की संपलं. धाहरानची असो की राबिघची, कुठलीच तेल कंपनी लबाडाकडून व्हॉल्व्ह घेत नाही. हाशमभाईंपाशी नावाशिवाय दुसरं होतं काय?

त्याच हमीपत्रावर लिहिलेलं होतं की भांडण झालं तर निवाडा लवादापुढे, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेमलेल्या तीन पंचांपुढे होईल, आणि तो इंग्लंडच्या कायद्याने. तेव्हा बॅरिस्टर हवा. हाशमभाईंची मुलगी रुमाना कॉम्प्युटरवर बसली. फसवणुकीच्या दाव्यांत कोण बॅरिस्टर आघाडीवर, कोणती चेंबर्स, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेऱ्या, नावाजलेली, याच्या तिकडे दरवर्षी याद्या निघतात म्हणे, परीक्षेचा निकाल लागावा तशा. त्यातून तिने नाव काढलं, इरा साठये. मूळची नाशिककडची, लंडनला वाढलेली. हाशमभाईंना मराठी नाव पाहूनच निम्मा धीर आला.

उरलेला निम्मा आठवड्याभरात गेला. कारण समोरच्यांनीही तीच यादी उघडली होती. त्यांनी नेमलेला उंच, पांढऱ्या भुवयांचा साहेब इराच्याच चेंबर्सचा निघाला. तीच इमारत, तोच जिना, तेच कारकून.

हाशमभाई फोनवर इराला फाडफाड बोलले. इराने शांतपणे सांगितलं, की चेंबर्स म्हणजे एक पेढी नव्हे. छप्पर तेवढं एक, बाकी प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र, एकमेकांविरुद्ध उभं राहणं हे त्यांचं रोजचंच. हाशमभाईंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एक माझं रांधणार, दुसरी त्यात मीठ ओतणार."

भाभी भांडी विसळत म्हणाल्या, "जावा भांडतात ते खरंच भांडतात हो. त्याची काळजी नको."

पण भाभी तेव्हा हसल्या नाहीत, हे मी डब्यातून ऐकलं.

हाशमभाईंनी आपल्या जबानीत काय लिहून दिलं, माहीत आहे? शिक्का कायम माझ्याच ताब्यात असतो, हमीपत्रावरचा शिक्का नकली आहे. नकली! मला! इतकी वर्षं मी त्यांच्या प्रत्येक ट्रकसाठी झिजलो. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून लंडनला पाठवलं, तिथे एका तज्ज्ञाने भिंगातून माझी कड न् कड तपासली आणि अहवाल दिला की शिक्का अस्सल आहे. पांढऱ्या भुवयांच्या साहेबाला आणखी काय हवं होतं? शिक्का खरा, म्हणजे हाशम खोटा.

सुनावणीच्या आधी इरा दम्मामला आली ती मला पर्समध्ये घेऊनच. मला वाटलं होतं डोक्यावर पांढरे केस लावलेली, काळा झगा घातलेली कुणी असेल. निघाली साध्या सुती कुडत्यातली बाई, चप्पल दाराबाहेर काढून आत आलेली. भाभींनी चहा टाकला. इराने मला टेबलावर ठेवलं, माझी मूठ फिरवून हळदीचा डाग वर आणला आणि विचारलं,

"हाशमभाई, तुम्ही स्वयंपाक करता?"

हाशमभाईंना कळेना. म्हणाले, चहासुद्धा येत नाही मला.  इराने फक्त ओट्याकडे पाहिलं. तिथे भाभी डाव्या हाताने चहात साखर ढवळत होत्या. त्यांचा चमचा थांबला.

इरा तिच्या जरा अडखळत्या मराठीत म्हणाली, "मी तुमच्यासाठी भांडायला आलेय. पण जे खोटं आहे हे मला ठाऊक आहे, ते मी पंचांपुढे खरं म्हणून मांडू शकत नाही. आमचा नियमच आहे. आणि पुरेसा पुरावा हातात नसेल, तर त्यांच्या वकिलालाही कुणाला लबाड म्हणता येत नाही. हा नियम त्याला आणि मला सारखाच."

चहा उतू गेला. मग भाभींनी गॅस बंद केला, पाठमोऱ्या राहूनच सगळं सांगितलं. घावन, बंदर, कोरा कागद, सगळं.

हाशमभाई संतापले. इतके दिवस गप्प का बसलीस, मला का नाही सांगितलंस, मी लवादाला लिहून दिलं ते सगळं खोटं पडलं. मित्रांनो, मला त्या क्षणी तोंड असतं ना, तर मी विचारलं असतं, तुम्ही तरी तिला कधी विचारलंत? तज्ज्ञाला विचारलंत, वकिलाला विचारलंत, मंदूबाला विचारलंत. ज्या हाताने मला उचललं त्या हाताला सोडून सगळ्यांना विचारलंत.

भाभींनीच ते बोलून दाखवलं, फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत. "माझ्या शिक्क्याला कुणाचा हात लागत नाही, असं सगळ्यांना सांगत होतात. मग मी कोण सांगणारी?"

हाशमभाई खाली बसले. इराने जबानी दुरुस्त करायला घेतली आणि भाभींची नवी जबानी लिहून लवादाकडे पाठवली. त्यात अदनानचं नाव आलं. दोन दिवसांत दुबईहून फोन आला. भाभी पीठ मळत होत्या, म्हणून फोन ओट्यावर, आवाज मोठा.

"आपा, तू म्हण भाऊजींनीच मारला शिक्का. त्यांची कंपनी आहे, ते भरतील हळूहळू. माझं काय? मला कोण आहे?"

भाभींचे हात पिठात थांबले.

"तुला मी होते, अदनान," त्या म्हणाल्या.

आणि पिठाच्या बोटाने फोन बंद केला. फोनच्या काचेवर पिठाचा ठसा उठला. मी आयुष्यात हजारो ठसे उठवले, पण असा ठाम एकही नाही.

सुनावणी दम्मामच्या एका हॉटेलात झाली. लांब टेबल, तीन पंच, पाण्याच्या बाटल्या. मी पुरावा म्हणून टेबलाच्या मधोमध. दुभाषी म्हणून इंडियन स्कूलमधल्या शर्मिलाबाई होत्या. पांढऱ्या भुवयांचा साहेब उठला. आवाज कसा मऊ, लोण्यात सुरी फिरावी तसा. भाभींना तो म्हणाला, तुमची जबानी किती सोयीची आहे नाही, नवरा वाचतो, भाऊ तर दुबईत सुरक्षितच आहे. तुम्ही हा शिक्का कधी हातात तरी धरलाय का? मग त्याने कोरा कागद पुढे सरकवला. दाखवा मारून, म्हणाला.

हाशमभाईंनी इराकडे पाहिलं, की ही आता उठेल, हरकत घेईल. इरा खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

भाभींनी आधी उजवा हात पुढे केला, चारचौघांतला. मग तो मागे घेतला आणि डाव्या हाताने मला उचललं. अंगठा हळदीच्या डागावर, नेमका. शाईवर टेकवलं, कागदावर दाबलं.

मी उठलो. किंचित तिरका, डावी कड गडद, उजवी फिकट.

साहेबाने तो कागद हमीपत्राशेजारी ठेवला. तिथेही मी तसाच होतो, तिरका, डावीकडे गडद. हाशमभाईंच्या हातचे माझे शेकडो ठसे फायलीत होते, सगळे सरळ, सगळीकडे सारखे. आणि हमीपत्राच्या शेवटच्या ओळी एकमेकींवर चेंगरलेल्या होत्या, कारण त्यांना माझ्या वर मावायचं होतं. मी आधी आलो होतो, त्या नंतर.

साहेबाने दोन्ही कागद पुन्हा ताडून पाहिले. त्याला ते दडवता आलं असतं, दुसरा प्रश्न विचारता आला असता. त्याने चष्मा काढला, पंचांकडे थोडी मुदत मागितली आणि बाहेर जाऊन आपल्या पक्षकाराशी बोलून आला. मग म्हणाला, हाशम यांच्यावरचा लबाडीचा आरोप आम्ही मागे घेतो.

झालं. दीड वर्ष एका माणसाच्या छातीवर ठेवलेला धोंडा एका वाक्यात उचलला. शर्मिलाबाईंनी मराठीत सांगितलं तेव्हा भाभी विचारू लागल्या, "मग माफी?" शर्मिलाबाईंनी ते साहेबाला इंग्रजीत विचारलं. तशी रीत नाही, असं उत्तर आलं. माझ्या रागातला मोठा भाग इथला आहे, मित्रांनो. लबाड लिहायला त्यांना चाळीस पानं लागली होती.

पुढे निकाल आला. कोऱ्या कागदावरची हमी कंपनीला लागू नाही. हाशमभाई सुटले. अदनानच्या मागे आता इंग्लंडचा कारखाना लागलाय. ईदेला दुबईहून फोन वाजतो. भाभी तो वाजू देतात, मग बराच वेळ कांदा चिरतात.

त्या दिवशी हॉटेलातून निघताना हाशमभाईंना दिसलं, इरा आणि तो साहेब कॉफीच्या यंत्रापाशी उभे, एकाच पाकिटातली साखर वाटून घेत होते. हाशमभाई थबकले. भाभी म्हणाल्या, "पिऊ देत. भांडून झालंय त्यांचं."

मी पुन्हा माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे, रव्याशेजारी. झिजलोय, अरबी अक्षरांतली दोन आता नीट उठत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा शिक्का असेल, सही असेल, कुणाचा तरी शब्द असेल. तो जपा. कपाटात कोंडून तो जपला जात नाही. कोणाचे हात त्याला लागतात ते माहीत असू द्या, आणि त्या हातांना विचारत जा.

गेल्या महिन्यात हाशमभाई सुट्टीवर गावी निघाले होते. बॅगा भरल्या, यल्ला यल्ला, चला चला सुरू झालं, आणि जुन्या सवयीने त्यांनी कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा टेबलावर ठेवून माझ्या डब्याकडे हात नेला.

डब्यावर भाभींचा डावा हात आधीच होता.

"आधी लिहा," त्या म्हणाल्या.

हाशमभाईंनी बायकोकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला बसले.