दुश्मनाचं स्टेशन

कारगिलची लढाई पेटली होती, तेव्हाच तेजश्रीला पत्रकारितेच्या वर्गात अभ्यास मिळाला. एकाच लढाईची बातमी तीन देशांच्या रेडिओवर ऐकायची आणि कोण कुणाची बाजू कशी घेतं, ते लिहायचं.

घरात रेडिओ एकच, सासऱ्यांचा. उदयसिंह, घरात सगळ्यांचे आबा, मूळचे साताऱ्याचे. फौजेच्या सिग्नल तुकडीत हवालदार होते, आता तुर्भ्याच्या एका गोदामावर पहारा करायचे.

“पाकिस्तानचं स्टेशन? माझ्या घरात न्हाय लागायचं,” ते म्हणाले.

तेजश्रीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आबा कामावर गेल्यावर तिनं रेडिओ गॅलरीत नेला आणि स्वतःच काटा फिरवत बसली. खरखरीतून उर्दू आवाज वर आला मात्र, शेजारच्या गॅलरीतून कोंडिबा ओरडले, “फौजीच्या घरात पाकिस्तान?”

संध्याकाळी त्यांनी आबांना जिन्यातच गाठलं. तेजश्री दाराआड उभी राहून ऐकत होती.

“सून अभ्यास करतीय माझी,” आबांचा आवाज आला. “आन् दुश्मन काय बोलतोय ते ऐकायचं, हीच तर नोकरी होती माझी. मला कुनी गद्दार म्हनलं न्हाय कधी.”

आत आल्यावर बूटसुद्धा न काढता ते रेडिओपाशी बसले. “एरियल असं धरत्यात व्हय? आन इकडं.”

मग रोज संध्याकाळी चहा घेत दोघं ऐकू लागली. दिल्ली, लाहोर, लंडन. बातमी कशानं सुरू होते, कोण ‘शहीद’ होतो आणि कोण नुसता ‘ठार’, हे तेजश्री टिपून घ्यायची. लाहोर लागलं की आबांच्या कपाळावर आठी यायची, पण हात एरियलवरून हलायचा नाही.

“दिल्ली आणि लाहोर, दोघंही आपापल्यांनाच शहीद म्हणतात, आबा,” ती एकदा म्हणाली. “लंडनवाले दोन्हीकडच्यांना ‘मारले गेले’ म्हणतात. म्हणजे तेच निःपक्षपाती ना?”

आबांनी कप खाली ठेवला. “माझ्या पलटनीतली पोरं हायती वर कारगिलला. ती नुसती मारली गेली? हे तरी खरं कसं?”

 तेजश्रीनं निबंधात आपलं म्हणणं लिहिलं आणि त्याखाली आबांचा प्रश्न, त्यांच्या नावानिशी.

“मला पटलं न्हाय तरी तुझं खोडू नगंस,” निबंध ऐकून आबा एवढंच म्हणाले.

निबंध वर्गात वाचायचा ठरला, त्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून वाशीला तिच्याबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, “हे उदयसिंह कोण?”

आबा ताडकन उभे राहिले. “सासरा हाय मी तिचा.”

पोरं हसली. सर हसले नाहीत. “आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडंही नाही,” ते म्हणाले.

परतताना बसमध्ये आबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “चांगलं वाचलंस, पोरी.”