शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी, लांबलचक पाठीची मोटारगाडी आहे. न्यूयॉर्क शहराबाहेर, नदीकाठच्या भंगाराच्या मैदानात सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या पोटात गवत उगवले आहे आणि मागच्या फुटक्या काचेतून एक खार ये-जा करते. तुम्ही नीट पाहिलेत, तर माझा उजवा आरसा जागेवर नाही हे लक्षात येईल. तो चोरीला गेलेला नाही, तुटलेलाही नाही. तो कुठे आहे हे मला ठाऊक आहे, आणि तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म मोठ्या सरोवरांच्या काठी असलेल्या एका कारखान्यात झाला. माझ्या दोन्ही कुशींना लाकडाच्या पट्ट्या होत्या. खरे सांगू का? ते लाकूड नव्हतेच. लाकडासारखा दिसणारा तो एक चिकटवलेला कागद होता, पण उन्हात असा चमके की लोक हात लावून बघत. अगदी मागच्या टोकाला एक बाक होता आणि त्याचे तोंड उलटे होते. त्यावर बसणाऱ्याला पुढचे काही दिसत नसे, मागे पडत जाणारा रस्ता तेवढा दिसे. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्या एकट्या म्हाताऱ्याने तो बाक कधी उघडलासुद्धा नाही.

मग मी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया भागातल्या ग्रीक वस्तीत आले. लेफ्टेरिस नावाच्या माणसाने मला घेतले. तो उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको डेस्पिना एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांचे कपडे उसवून मापाचे करून द्यायची. तिने पहिल्याच दिवशी माझ्या आतल्या आरशाला निळ्या डोळ्याचा मणी बांधला आणि माझ्या तोंडावर तीनदा थुंकल्यासारखे केले, "फ्तू, फ्तू, फ्तू!" माझा तर अपमानच झाला. पुढे कळले, की यांच्यात दृष्ट अशीच टाळतात. जे फार आवडते, त्याच्यावरच थुंकतात.

त्यांना दोन मुले होती. इव्हान्थिया बारा वर्षांची, जिभेला धार असलेली. मीनास सात वर्षांचा, अबोल. त्याने आल्याआल्या तो उलटा बाक उघडला आणि त्यावर कायमचा हक्क सांगितला. मला फार बरे वाटले. त्या वर्षांत मी त्यांना समुद्रावर नेले, ईस्टरला आजोबांकडे नेले. लाल रंगवलेली अंडी माझ्या आसनांखाली घरंगळत आणि जून महिन्यात सापडत. माझे दिवस फार सुखाचे होते.

पण मीनास सुखात नव्हता. त्याला अक्षरे एका जागी उभी राहिलेली दिसतच नसत. त्याच्या वर्गात दर बुधवारी मुलांनी आळीपाळीने उभे राहून मोठ्याने वाचायचे असे. त्याची पाळी आली की मुले आधीच तोंडावर हात धरत. मग दर मंगळवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखू लागे, आणि ते दुखणे खोटे नसे. चौतीस मुलांचा वर्ग असलेल्या त्याच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली : मुलगा लक्ष देत नाही.

"लक्ष देत नाही? हा?" डेस्पिना माझे दार आपटून म्हणाली. "माझ्या मशीनचा आवाज जरा बदलला तर माझ्याआधी याला कळतं! लेफ्टेरिस, आपण शहर सोडायचं. याच्या शेजारी कुणीतरी बसेल अशी शाळा मला पाहिजे. मग ती चंद्रावर का असेना."

"चंद्रावर आगगाडी जाते का?" लेफ्टेरिसने विचारले. "मला सातला कामावर हजर व्हायचं असतं."

"आणि मला कुणी विचारणार आहे का?" इव्हान्थिया म्हणाली. कुणी विचारले नाही.

लेफ्टेरिसने वर्तमानपत्राचे एक पान आणले. त्यात शहराबाहेरच्या प्रत्येक गावातल्या शाळेला दहापैकी गुण दिले होते. ते पान त्याने माझ्या समोरच्या काचेखाली चिकटवले आणि आमचे रविवार सुरू झाले.

मित्रांनो, ते रविवार आठवले की अजून माझ्या गंजलेल्या अंगात ऊब येते. पूल ओलांडला की गोंगाट मागे राही. मेपलच्या झाडांखालून जाणारे रस्ते, ओले गवत, पांढरी कुंपणे, आणि घरे अशी शांत की जणू दुपारची झोप घेत आहेत. विक्रीच्या घरांची दारे रविवारी उघडी असत. आत शिरले की ताज्या बिस्किटांचा वास येई. माझी माणसे खोल्यांतून हलक्या पावलांनी फिरत आणि परत येऊन पालकाच्या पॅटिस खात खात आपण तिथे राहतो आहोत असे बोलत. इथे माझी शिलाई मशीन. इथे आजोबांची खुर्ची. मीनास मागच्या बाकावरून त्या घराकडे बघत राही, ते वळणाआड जाईपर्यंत. अशी कितीतरी घरे आम्ही मनातल्या मनात राहून सोडली.

"इथे माणसं राहतात, की नुसतं गवत?" इव्हान्थिया प्रत्येक गावात विचारी.

डेस्पिनाचा मात्र त्या छापील गुणांवर पुरता विश्वास नव्हता. तिचे दुकान बुधवारी बंद असे. त्या दिवशी ती पोट दुखणाऱ्या मीनासला घेऊन एखाद्या गावी जाई आणि शाळा सुटायच्या आधी समोर मला उभी करी. "पहिलं पोर काय, सगळीकडे धावतच बाहेर येतं," ती म्हणे. "शेवटचं पोर कसं येतं, ते बघायचं." मग आम्ही तिघे शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत थांबत असू.

ब्रायरडेल गावच्या शाळेला साडेनऊ गुण होते. तिथे सगळे सात मिनिटांत रिकामे झाले. शेवटची एक मुलगी पायरीवर एकटीच बसली होती. आतले दिवे विझले, शिपायाने तिच्या पाठीमागे दार लावून घेतले. मी ते पाहिले. डेस्पिनानेही पाहिले. पण साडेनऊ गुण होते, मित्रांनो! तिने मला सुरू केले आणि म्हणाली, "किती टापटीप शाळा आहे, नाही?" मीनास मागच्या बाकावरून त्या पायरीकडे बघत राहिला.

त्याच गावात पॉन्ड लेनवर एक घर मिळाले. पिवळे, लहानसे, मागे अक्रोडाचे झाड. स्टेशन चालत बारा मिनिटांवर. डेस्पिनाला ते इतके आवडले की तिने उंबऱ्यावरच तीनदा थुंकून टाकले. घर दाखवणाऱ्या मिसेस हॅडली दोन पावले मागे सरल्या.

"त्यांना... नाही आवडलं का?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही नाही, फार आवडलं!" लेफ्टेरिस घाईघाईने म्हणाला. "नाही आवडलं तर ती थुंकत नाही!"

शनिवारी सह्या करायच्या ठरल्या. आधीच्या बुधवारी डेस्पिना मीनासचे नाव घालायला ब्रायरडेलच्या शाळेत गेली. थोड्याच वेळात तिच्याबरोबर कचेरीतल्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी एक नकाशा माझ्याच बॉनेटवर पसरला.

"हे बघा, ही लाल रेषा," त्या म्हणाल्या. "ती पॉन्ड लेनच्या बरोबर मधून जाते. समोरच्या घरांतली मुलं आमच्याकडे येतात. तुमच्या बाजूची शेजारच्या कॉब्स मिल गावच्या शाळेत जातात."

"पण पत्ता तर ब्रायरडेलचा आहे!"

"पत्रं ब्रायरडेलला येतील, बाई. मुलं कॉब्स मिलला जातील. पोस्टाची हद्द वेगळी, शाळेची वेगळी. शहरातून येणारे सगळे इथेच फसतात."

कॉब्स मिलच्या शाळेला वर्तमानपत्रात सहा गुण होते. डेस्पिना आत येऊन बसली आणि तिने माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर डोके टेकले. भोंगा वाजला. ती उठली नाही, भोंगा वाजतच राहिला. तिला वाटत होते, की आपण पोराला पुन्हा त्याच बुधवारात नेऊन टाकले. माझ्या आयुष्यात मी इतके कळवळून कधीच ओरडले नव्हते.

मग तिने डोळे पुसले. "चल," ती म्हणाली, "नशिबी काय आलंय, ते तरी बघू." तिने मला कॉब्स मिलला नेले आणि शाळेसमोर उभे केले. इमारत जुनी, भिंतीचा रंग उडालेला. घंटा झाली, मुले धावत आली, बसगाड्या निघून गेल्या. एक गाडी मात्र कडेला उभी होती, इंजीन बंद करून. आतली बाई कुणाची तरी वाट बघत होती. तिला घाई दिसत नव्हती.

पायरीवर एक टक्कल पडलेले शिक्षक बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक मुलगा, मांडीवर पुस्तक. मुलगा अक्षरांखाली बोट धरून वाचत होता. अडत होता, मागे जात होता, पुन्हा सुरू करत होता. शिक्षक पुढचा शब्द सांगत नव्हते. ते नुसते बसले होते. पान संपायला बराच वेळ लागला. मग मुलाने पुस्तक मिटले, शिक्षकांनी त्याची टोपी सरळ केली, आणि ते शेवटचे मूल उड्या मारत आपल्या आईकडे गेले.

माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला. "आई, तो पण अडतो."

"हो रे, माझ्या पाखरा."

"पण कुणी हसलं नाही."

त्या संध्याकाळी माझ्या आत जे भांडण झाले, ते सगळ्या अॅस्टोरियाने ऐकले.

"साडेनऊवरून सहा?" लेफ्टेरिस ओरडला. "लोक काय म्हणतील? शहर सोडून सहासाठी गेले! शनिवारी सही करायची नाही. दुसरं घर बघू."

"आणि तोवर याने आणखी एक वर्ष पोट धरून बसायचं? मी ब्रायरडेलचं शेवटचं पोर पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझीच चूक!"

"ते वर्तमानपत्र काय मूर्ख आहे?"

तेव्हा इव्हान्थियाने पुढे वाकून विचारले, "बाबा, लिफ्ट तपासायला गेलास की तू काय बघतोस? दारावरची पितळी पाटी, की वरचे दोर?"

लेफ्टेरिसने निळ्या मण्याकडे पाहिले. मग त्याने काचेखालचे ते पान सोलून काढले आणि त्याचा बोळा केला. "हिची जीभ," तो म्हणाला, "हिच्या आईवर गेली आहे." शनिवारी सह्या झाल्या.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. सगळा संसार मीच वाहून नेला, शिलाई मशीन आणि आजोबांची खुर्चीसुद्धा. तीन हिवाळे गेले. माझ्या कुशीचे कागदी लाकूड सुटून लोंबू लागले. घरात नवी गाडी आली आणि मला अक्रोडाच्या झाडाखाली ढकलले. कुणी धुवेना, कुणी विचारपूस करेना. वाईट वाटले, हे लपवत नाही. इव्हान्थिया तेवढी रुसली की माझ्यात येऊन बसे. मीनासला आता मागे बसायची गरज उरली नव्हती आणि बुधवारी त्याचे पोटही दुखत नव्हते.

शेवटी एका सकाळी मला ओढून न्यायला ट्रक आला. साखळी अडकवणार, तोच मीनास धावत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या उजव्या, चालकाशेजारच्या आसनावर बसला. बाहेरच्या आरशाच्या काचेवर बारीक अक्षरे कोरलेली होती. त्याने त्यांच्याखाली बोट धरले.

"आर... आरशात... दि... दिस..."

"ए, लवकर आटपा," ट्रकवाला ओरडला. "मला आणखी दोन गाड्या उचलायच्यात!"

"थांब," लेफ्टेरिस म्हणाला. "इंजीन बंद कर. वाचतोय तो."

"काय वाचतोय?"

"ते मला माहीत नाही. त्याला वाचू दे."

ट्रकवाल्याने इंजीन बंद केले. डेस्पिना ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. इव्हान्थियाला तो शब्द ओठांवर आला होता, तिने तो गिळला. मीनास अडला, मागे गेला, पुन्हा सुरू झाला. आणि मग त्याने सगळे एका दमात वाचले : "आरशात दिसणाऱ्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ असतात."

जन्मापासून ती अक्षरे माझ्या अंगावर होती. ती मोठ्याने वाचून दाखवणारा मला तो पहिलाच. डेस्पिना धावत आली आणि पोराच्या डोक्यावर थुंकली, एकदा नव्हे, नऊदा. लेफ्टेरिसने खिशातून पेचकस काढला, माझा उजवा आरसा उतरवला आणि मीनासच्या हातात दिला.

म्हणून तो जागेवर नाही. तो पॉन्ड लेनवरच्या पिवळ्या घरात, एका मुलाच्या खिडकीत आहे.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना अधूनमधून पुसत जा, आम्हांला ते आवडते. पण माझे खरे मागणे दुसरेच आहे. तुमच्या वर्गात कुणी अडखळत वाचत असेल, तर पुढचा शब्द सांगू नका, हसू नका. इंजीन बंद करा आणि त्याचे पान संपेपर्यंत थांबा.