बाप्पाकडे पाठ

गोष्ट २०२३च्या गणपतीतली, हिंदी मुलखातल्या एका मराठी मंडळातली. भानुमती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती, तिचा उजवा गुडघा मात्र सात महिन्यांचा.

पुण्याहून आलेल्या अनुपमने, तिच्या मुलाने, आल्या आल्याच अट घातली. "मंडळात नाचणार म्हणतेस ना आई? नाच. पडली नाहीस तर खुशाल राहा इथे एकटी. पडलीस तर सोमवारी माझ्याबरोबर पुण्याला."

पुण्यात त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आणि सून चहा म्हणून गवताचं पाणी देणारी. भानुमतीला तिथे मरायचंसुद्धा नव्हतं.

नाच शिकवत होती शेजारची प्रणाली, टेक्सासात तीन वर्षं राहून आलेली. तिकडचे गुराखी म्हणे रांगेत नाचतात. उजवीकडे तीन पावलं, टाळी. डावीकडे तीन, टाळी. टाच आपटायची आणि सगळ्यांनी एकदम पाव फेरी वळायचं. मग तेच सगळं नव्या भिंतीकडे तोंड करून. जोडीदार लागत नाही, ही विधवांची सोयच. टाच वाजावी म्हणून भानुमतीने श्यामसुंदरांचे, तिच्या कैलासवासी नवऱ्याचे, इथल्याच रांझीच्या फॅक्टरीत कामावर घालायचे जड बूट काढले आणि पुढे कापूस कोंबून पायात चढवले.

"मला पावलं लक्षात राहत नाहीत गं."

"मागच्या रांगेत राहा काकू, पुढच्यांचं बघून करा."

तालीम मंडळातल्या विभावरीच्या गच्चीवर व्हायची. गच्चीवर देव नव्हता, तिथेच घोटाळा झाला.

मंडळाच्या सभागृहात समोर गणपती. पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्या वळणाला देवाकडे पाठ येणार, हे बारा बायकांच्या एकदमच लक्षात आलं आणि अकरा जणी गर्रकन पुन्हा देवाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भानुमती तेवढी शिकवल्याप्रमाणे वळली. आता तिच्यापुढे बघायला कुणी नव्हतं. होता फक्त अनुपम, मोबाईल उगारून.

"अगं भानू, देवाकडे पाठ काहून करून राहिली?" शेजारून विभावरी कुजबुजली. ती मंडळाची अध्यक्ष. तिची कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते.

"इतकी वर्षं तोंड बघून तोही कंटाळला असेल. पाठ पाहू दे जरा."

भानुमती आपल्या उजवीकडे निघाली, विभावरी आपल्या उजवीकडे. खांद्यावर खांदा आदळला. नवा गुडघा लटपटला, अनुपम खुर्चीतून अर्धा उठला. पण फॅक्टरीचे बूट जागचे हलले नाहीत. फतकल मारून खाली बसली ती विभावरी.

भानुमतीने तिला हात देऊन उठवलं, राहिलेली टाळी वाजवली, टाच आपटली आणि पुढच्या भिंतीकडे वळली. बाकीच्या बाप्पाला घाईघाईने हात जोडून तिच्यामागून वळल्या.

अनुपमने मोबाईल खिशात घातला. "अच्छा, चलो," एवढंच म्हणाला आणि सोमवारी एकटाच गेला.

प्रणालीच्या नवऱ्याची पुढे बंगळुरूला बदली झाली. ती तिथे आयटीवाल्यांना नाचवते. विभावरी अजून देवाकडेच तोंड करून नाचते, म्हणून तिच्या उजवीकडे कुणी उभं राहत नाही. अनुपम दर गणपतीला येतो, अट घालत नाही. भानुमती त्याच घरात आहे. बूट दाराबाहेर असतात. कुरियरवाला विचारतो, "साहब घर पे हैं?"

"मैं ही हूँ," म्हणत ती सही करते.