खटिया सायकलची तीन कुलपं

उमाशंकर दफ्तरदारांनी सदऱ्यात हात घालून छाती चाचपली, पोट चाचपलं, पार पाठीपर्यंत हात नेला. जानवं होतं, नवंकोरं, हळद लावलेलं. त्याला किल्ल्या मात्र नव्हत्या.

"अरे देवा!" ते राम मंदिराच्या पायरीवरच थबकले.

समोर विजेच्या खांबाला त्यांची सायकल बांधलेली होती. बांधलेली म्हणजे कशी, चोरानं लांबूनच हात जोडावेत अशी. सायकलही साधी नव्हे. मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी साध्या सायकलला मनाई केली, तेव्हा आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नरचं काम शिकवलेल्या या माणसानं ती स्वतः जोडून घेतली. अख्खं देवास शहर तिला 'खटिया', म्हणजे खाट, म्हणे. हिच्या आधीच्या सायकलीचं फक्त पुढचं चाक कुलपात होतं. चोरानं चाक तेवढं खांबाला ठेवलं आणि बाकीची सायकल नेली. तेव्हापासून तीन कुलपं. एक मागच्या चाकातून आणि मधल्या पाइपातून खांबाला, एक पुढच्या चाकाला, तिसरं नवारीच्या पट्ट्यांनी विणलेल्या सीटला, कारण मेली दोन नट फिरवले की निघते. तिन्ही किल्ल्या जानव्याला.

आणि आज श्रावणी. नवं जानवं घालायचं, जुनं काढून ताम्हनात ठेवायचं. पण यांचं लक्ष होतं कुठे? दाराबाहेर. एक जाडजूड गृहस्थ सीटवर पसरून फोटो काढून घेत होते. "उतरो वहाँ से! ससुर की खटिया है क्या?" मंत्र चालू असतानाच हे ओरडले, आणि त्याच रागात जुनं जानवं किल्ल्यांसकट ताम्हनात गेलं.

"बापू, जुनी जानवी कुठायत?" ते उलट पावली देवळात धावले.

"केव्हाच तलावात विसर्जित झाली," बापू गुरुजी म्हणाले.

"किल्ल्या होत्या माझ्या जानव्याला! दिसल्या नाहीत तुम्हाला?"

"मी मंत्र म्हणू का तुमच्या किल्ल्या सांभाळू? घरून दुसऱ्या मागवा की."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. दुसऱ्या किल्ल्या घरी होत्या, आणि घरी अनीश होता. मुलगा इंदूरहून आला होता तो एकच धोशा घेऊन, बाबा, आता एकटे राहू नका. महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला होता, एकदा नळ. शेवटी काल ठरलं. आज उमाशंकरांनी एकट्यानं देवळात जायचं, तिथून थोरल्या बहिणीकडे, माईकडे, बाराच्या आत राखीला पोचायचं, काहीही न विसरता. जमलं तर देवासचं घर राहील, नाहीतर इंदूर. फोन केला की दहा मिनिटांत किल्ल्या येणार होत्या, आणि घर जाणार होतं.

साडेअकरा वाजले. त्यांनी खांबाच्या कुलपाला हिसका दिला, मग लाथ मारली. लाथेची कळ थेट मणक्यात गेली.

"काका, तकिया घर भूल आए क्या?" कोपऱ्यावरचा रसवाला हसला.

"भिया, आज दिमाग मत खा!"

सणामुळे दोन वेल्डर बंद निघाले. तिसरा लोखंड कापायचं बॅटरीचं ग्राइंडर घेऊन आला. इंदूरभर हिंडून निवडलेली कुलपं होती ती. हत्तीलाही तुटायची नाहीत, असं दुकानदार छातीठोक म्हणाला होता. तिन्ही मिळून कापायला लागलं दीड मिनिट! तीसेक माणसं जमली, व्हिडिओ काढले, पण सायकल कुणाची हे एकानंही विचारलं नाही.

"अरे, पूछो तो सही! मी चोर असतो तर?" उमाशंकर खेकसले. लोक खो खो हसले.

बाराला पाच कमी असताना ते माईच्या बिल्डिंगखाली पोचले. अनीश आधीच येऊन उभा होता.

"बाबा, पोचलात की!" त्याचा चेहरा खुलला. मग नजर सायकलीवर गेली. "कुलूप कुठंय? विसरलात?"

थाप तोंडाशी आली होती. पण सकाळपासून इतका संताप झाला होता की थाप मारायचाही कंटाळा आला.

"किल्ल्या विसरलो. जुन्या जानव्याबरोबर तलावात गेल्या. कुलपं कापून आलोय. पण वेळेवर आलो की नाही? सांग ना, आलो की नाही?"

"आलात, बाबा." अनीशनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो. सामान थोडं थोडं इंदूरला नेऊ."



"उमा, वर ये रे! ओवाळायचं खोळंबलंय!" गॅलरीतून माईनं हाक मारली.

"सायकल उघडी आहे."

"मी थांबतो ना इथं," अनीश म्हणाला.

"नको. माझी सायकल मी बघतो."

शेवटी पंचाहत्तरीची माईच तबक घेऊन, कठड्याला धरत, दोन जिने उतरून खाली आली. निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. तिनं राखी काढली तसा उमाशंकरांनी उजवा हात पुढे केला. डाव्या हातानं त्यांनी हँडल घट्ट धरून ठेवलं होतं.